फुकटच्या साइटवर जाहिरातीचे पैसे: नवी पेठेतल्या मेसची यादी चालवणाऱ्या मुलाला उत्तर

धाराशिवहून एमपीएससीच्या तयारीसाठी पुण्यात आलेल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. दोन वर्षांपासून तो ब्लॉगस्पॉटवर एक फुकट साइट चालवतो. सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रोडच्या आसपासच्या मेस, अभ्यासिका, कॉट बेसिसच्या खोल्या, त्यांचे दर, वेळा, डिपॉझिट, सगळं मराठीत. महिन्याला साधारण १८ हजार पानं वाचली जातात. त्याला विचारायचं आहे की फुकटच्या पत्त्यावर जाहिराती चालतील का, खोलीचं भाडं सुटेल एवढे पैसे मिळतील का, एक जण ‘लिंक लावायचे’ तीन हजार देतोय ते घ्यावेत का, आणि मित्रांनी रोज थोडं क्लिक केलं तर काही बिघडतं का.

शेवटचं आधी सांगते, कारण त्यात होणारं नुकसान परत भरून येत नाही. मित्रांना आजच थांबवा. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणं, दुसऱ्यांना करायला सांगणं, ‘जाहिरातीवर क्लिक करून आम्हाला मदत करा’ असं पानावर लिहिणं, हे तिन्ही ॲडसेन्सच्या, म्हणजे साइटवर जाहिराती लावून देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या, नियमांत बसत नाही. एकाच अभ्यासिकेच्या वायफायवरून, त्याच पाच-सहा फोनवरून, रोज संध्याकाळी होणारे क्लिक ओळखणं त्यांच्या यंत्रणेला अजिबात अवघड नाही. खातं बंद झालं की साठलेले पैसे जाहिरातदारांना परत जातात, आणि त्याच माणसाच्या नावाने दुसरं खातं उघडता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने २०११ मध्ये हेच केलं आणि त्याची दीड वर्षाची मेहनत एका ईमेलने संपली.

आता फुकटच्या पत्त्याबद्दल. फुकट साइट देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी गूगलच्या जाहिराती लावताच येत नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट साइटवर ते त्यांच्या स्वतःच्या जाहिराती दाखवतात. ब्लॉगस्पॉट २००३ पासून गूगलच्याच मालकीचं आहे, म्हणून तिथे फुकटच्या पत्त्यावरही ॲडसेन्स चालतं. डॅशबोर्डमधल्या ‘कमाई’वरून अर्ज करता येतो. २०१८ पासून मराठी मजकुराच्या साइटही घेतल्या जातात, त्यामुळे भाषेची अडचण नाही. वय १८ पूर्ण हवं.

तरीही माझं म्हणणं असं, की अर्ज करण्याआधी स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या मालकीचा पत्ता, घ्या. वर्षाला हजाराच्या आतबाहेर खर्च आहे, म्हणजे मेसचे आठ-दहा दिवसांचे पैसे. ब्लॉगस्पॉट ते डोमेन फुकट जोडू देतं, साइट हलवावी लागत नाही, आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर जातो. भारतातल्या वाचकांना बरीच वर्षं ब्लॉगस्पॉटची पानं ‘डॉट इन’ पत्त्यावर दिसायची, आणि लोकांनी तेच दुवे जिकडेतिकडे दिले होते. २०२० मध्ये तो पत्ता गूगलच्या हातून गेला आणि ते सगळे दुवे तुटले. मूळ ‘डॉट कॉम’ पत्ते शाबूत राहिले, पण ज्यांचे वाचक जुन्या दुव्यांवरून यायचे त्यांना ते समजावत बसावं लागलं. तुमचा पत्ता अभ्यासिकेच्या भिंतीवर, मेसच्या काउंटरवर चिकटवायचा असेल, तर तो तुमच्या नावावर असला पाहिजे.

अर्ज केल्यावर पहिल्यांदा नकार येण्याची शक्यता बरीच आहे, आणि कारण ‘कमी मूल्याचा मजकूर’ असं लिहिलेलं असेल. तुमची साइट मी पाहिली. प्रत्येक मेसचं वेगळं पान आहे आणि त्यावर नाव, फोन, दर, एवढ्या तीन ओळी. अशी साठ पानं यंत्राला रिकामी वाटतात, आणि खरं सांगायचं तर वाचणाऱ्यालाही साठ वेळा मागेपुढे करावं लागतं. त्याऐवजी भागवार पानं करा. शास्त्री रोडच्या बाजूला कुठल्या मेसमध्ये रविवारी फीस्ट असते, संध्याकाळचं जेवण बंद कधी असतं, गावी गेल्यावर खाडे धरतात का आणि किती दिवसांचे, पोळीऐवजी भाकरी मिळते का, साडेनऊनंतर पोचलं तर भाजी उरते का. तुम्ही दोन वर्षं तिथे जेवताय, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? गोपनीयता धोरणाचं पान मात्र लागतंच, आणि संपर्काचं पानही करून ठेवा.

आता पैशांचा हिशोब. वाचकाने पान उघडलं की त्या क्षणी त्या जागेसाठी लिलाव होतो. वाचक कुठे आहे, पान कशाबद्दल आहे, त्याने आधी काय शोधलं, यावरून जाहिरातदार बोली लावतात आणि जिंकलेली जाहिरात दिसते. पूर्वी बहुतांश पैसे क्लिकवर मिळायचे. २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स जाहिरात दिसण्यावर पैसे देतं. वाटा असा, की जाहिरात विकत घेणाऱ्या बाजूचा खर्च वजा करून उरलेल्याचे ८० टक्के साइटवाल्याला मिळतात. जाहिरात गूगल ॲड्समधून, म्हणजे जाहिरातदार जिथून जाहिरात देतात त्या गूगलच्याच सेवेतून, आली असेल, तर जाहिरातदाराने दिलेल्या १०० रुपयांतले साधारण ६८ आपल्यापर्यंत येतात. वाटा वाईट नाही. अडचण बोलीत आहे. मराठी पानं, पुण्यातले विद्यार्थी, बहुतेक सगळे मोबाइलवर, आणि त्यांच्याकडे खर्चायला पैसे नाहीत हे जाहिरातदारालाही ठाऊक आहे. मी गेली सोळा वर्षं मराठी साइटच्या जाहिराती सांभाळते. माझ्या हाताखालून गेलेल्या साइटवर हजार पानांमागे बहुतेक वेळा २५ ते ८० रुपये पडले. कर्ज, विमा, मोबाइल अशा विषयांना जास्त, कविता आणि पाककृतींना कमी. दिवाळीच्या आधी दर चढतात आणि जानेवारीत पडतात, हे दर वर्षीचं.

समजा तुम्हाला हजारामागे ५० मिळाले. १८ हजार पानांचे ९०० रुपये झाले. ॲडसेन्स १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही, म्हणजे २०२५ च्या भावाने साडेआठ-नऊ हजार. पहिले पैसे हातात यायला जवळजवळ दहा महिने लागतील. भाडं यातून सुटणार नाही.

या वाटेवर तुमच्यासारख्या मुलांची एक नेहमीची फजिती होते, म्हणून सांगून ठेवते. खात्यात १० डॉलर झाले की पत्ता तपासायला गूगल साध्या टपालाने एक पिन पाठवतं. तो चार महिन्यांत टाकला नाही तर साइटवर जाहिराती दिसणं थांबतं. कॉट बेसिसवर राहणारा मुलगा तोवर दोनदा खोली बदलतो, आणि पाकीट जुन्या घरमालकाच्या जिन्यात पडून राहतं. गावाकडच्या घरचा पत्ता द्या. खात्यावरचं नाव बँक पासबुकावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. पैसे परदेशातून वायर ट्रान्सफरने येतात, त्यामुळे बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, आणि पैसे कशाचे हे बँक विचारू शकते. जाहिरात सेवेचे, एवढं सांगायचं.

तर मग पैसे कुठे आहेत? तुम्ही जेवता त्या मेसच्या काउंटरवर आहेत.

दिवाळी अंक कसे निघतात ते बघा. अंकाच्या किमतीतून छपाईही सुटत नाही. गावातला सराफ, सहकारी बँक, साडीचं दुकान, यांच्या जाहिरातींवर अंक उभा राहतो. गणेश मंडळाचा अहवाल तसाच. कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन दुकानं फिरतो, अर्धं पान एवढ्याला, पाव पान तेवढ्याला. तुमच्या साइटचं गणित याच जातीचं आहे, आणि तुमची बाजू त्यांच्यापेक्षाही भक्कम आहे. अहवाल वाचणाऱ्याला साडी हवीच असेल असं नाही. तुमच्या पानावर आलेला मुलगा मात्र मेसच शोधत असतो, तीही त्याच आठवड्यात.

मेसवाल्याच्या बाजूने हिशोब करा. समजा दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला तीन हजार घेतो. एक मुलगा आला आणि चार महिने टिकला तर बारा हजारांचं गिऱ्हाईक झालं. त्यातला खर्च जाऊन त्याला दोन-अडीच हजार सुटले, तरी महिन्याला ५०० रुपयांची जाहिरात एका मुलात चार महिन्यांसाठी वसूल होते. अशा सहा जागा विकल्या तर महिन्याला तीन हजार. म्हणजे तेवढ्याच वाचकांवर गूगलच्या तिप्पट. मेसवाला गूगलच्या लिलावात कधी उतरत नाही, त्याला ते जमतही नाही. त्याचे पैसे फक्त तुमच्यासारख्याच्याच हाती येऊ शकतात. अभ्यासिका, झेरॉक्सवाले, अप्पा बळवंत चौकातले जुन्या पुस्तकांचे दुकानदार, गाद्या-कपाटं भाड्याने देणारे, गावाहून सामान आणणारे टेम्पोवाले, सगळ्यांचं असंच आहे.

विकायला जायची वेळ दुपारी साडेतीन ते पाच. जेवणं आटोपलेली असतात, संध्याकाळची कणीक मळायला घेतलेली नसते, आणि मावशी किंवा काका पाच मिनिटं निवांत बसतात. ‘पेज व्ह्यू’ हा शब्दही काढू नका. फोनवर गूगलमध्ये ‘नवी पेठ मेस’ शोधून तुमचं पान वर येतं ते दाखवा. महिनाभर जाहिरात फुकट लावून द्या आणि त्यात व्हॉट्सॲपचा असा दुवा ठेवा, की दाबल्यावर ‘साइटवर बघून विचारतोय’ हा निरोप आधीच लिहिलेला असेल. महिन्याच्या शेवटी काकांनी स्वतःच्याच फोनमध्ये ते निरोप मोजावेत. त्यांनी स्वतः मोजलेल्या आकड्यावर ते वाद घालणार नाहीत. त्यानंतर तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घ्या, यूपीआयवर घ्या आणि साधी का होईना, पावती द्या. दिवाळीत आणि मे महिन्यात मुलं गावी जातात, काही मेस बंदच असतात. ते दिवस आपणहून पुढे जोडून द्या. ही गोष्ट ते लक्षात ठेवतात आणि शेजारच्या अभ्यासिकावाल्याला सांगतात. जाहिरातीचं चित्र त्यांच्याकडून मिळेल अशी वाट बघू नका. मेनूच्या फळ्याचा आणि ताटाचा चांगला उजेडात फोटो काढा, दर मोठ्या अक्षरात लिहा, झालं. एका भागात दोनच मेसच्या जाहिराती घ्या. तिसऱ्याला सांगा, जागा नाही, पुढच्या तिमाहीला बघू.

इथपर्यंतचं कुणीही सांगेल. यापुढचं मी चुकून शिकले आहे.

२०१२ मध्ये माझी अशीच एक फुकट साइट होती, पुण्यात मुलींना भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांची. एका हॉस्टेलमालकाने सहा महिन्यांचे पैसे एकदम दिले. मला तेव्हा ती रक्कम फार मोठी होती. दोन महिन्यांनी त्या हॉस्टेलच्या पानाखाली एका मुलीने लिहिलं, की पाणी दिवसातून एकदाच येतं आणि सोडताना डिपॉझिट परत दिलं नाही. मालकाचा फोन आला. मी ती प्रतिक्रिया काढून टाकली. मनात म्हटलं, एकच तर तक्रार आहे, खरी की खोटी कुणाला ठाऊक. जूनमध्ये नांदेडहून आलेल्या एका मुलीने माझं पान वाचून तिथे खोली घेतली. तिच्या वडिलांनी आठ हजार डिपॉझिट भरलं होतं. तेही बुडालं. वडिलांनी मला फोन केला. भांडले नाहीत. ‘तुमच्या साइटवर काही वाईट लिहिलेलं नव्हतं, म्हणून भरले’, एवढंच म्हणाले. मी ते पैसे माझ्याकडून देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. ती साइट मी त्याच वर्षी बंद केली. त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

म्हणून तुमच्या साइटसाठी काही गोष्टी आत्ताच, पहिला रुपया घेण्याआधी, कागदावर लिहून ठेवा आणि साइटवरही लावा. जाहिरात वेगळ्या रंगाच्या चौकटीत आणि वर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक. यादीतला क्रम पैशावर ठरणार नाही. वाचकाची तक्रार जाहिरातदाराने सांगितलं म्हणून निघणार नाही. हवं तर त्याचं उत्तर तिच्याखाली छापू. जिथे तुम्ही स्वतः जेवला नाहीत त्या मेसची जाहिरात घ्यायची नाही. आणि मेसवाल्याला हे पैसे घेण्याआधी तोंडावर सांगायचं. काही जण उठून आत जातील. जे थांबतील त्यांची भाजी बहुतेक चांगली असते, असा माझा अनुभव आहे.

पैसे किंवा फुकट जेवण घेऊन लिहिलेलं परीक्षण हीसुद्धा जाहिरातच. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा मोबदला वाचकाला स्पष्ट सांगावा लागतो. तुम्ही दर महिन्याला मेसच्या काकांकडे फुकट जेवत असाल, तर तेही सांगा.

आता लवकरच तुमच्याकडे क्लासवाले येतील, कारण मोठे पैसे त्यांच्याकडे आहेत. त्यांची जाहिरात घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण प्रत्येक शब्द वाचून घ्या. कोचिंगच्या फसव्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. निवडीची हमी देता येत नाही. निवड झालेल्या उमेदवाराचा फोटो वापरायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने नेमका कुठला कोर्स केला होता हे छापायला हवं. पूर्ण तयारी दुसरीकडे केलेल्या मुलाला एका मॉक मुलाखतीवरून ‘आमचा विद्यार्थी’ म्हणायची चाल त्यामुळेच अडचणीत आली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार फसवी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात छापली, असा बचाव कायद्यात आहे, पण तुमची शक्ती अभ्यासाला लागू दे, बचावाला नको.

क्लासवाले दुसरीही एक गोष्ट मागतील. ‘साइटवर एक फॉर्म लावा, मुलांची नावं आणि नंबर द्या, नंबरामागे पैसे देतो.’ याला नाही म्हणा. मेस शोधायला आलेल्या मुलाने नंबर मेससाठी दिला होता. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे, की माहिती ज्या कामासाठी संमतीने दिली त्याच कामाला वापरायची. कायदा बाजूला ठेवला तरी, पहिल्या आठवड्यात चौदा क्लासचे फोन आलेला मुलगा तुमच्या साइटवर परत येईल का?

तीन हजारांच्या लिंकवाल्यालाही नकोच म्हणा. त्याला तुमचे वाचक नको आहेत. गूगलच्या नजरेत तुमच्या पानाची जी पत आहे ती त्याला उसनी हवी आहे. पैसे घेऊन लावलेल्या दुव्यावर तशी खूण कोडमध्ये करावी लागते, आणि हे लोक ती नको असंच सांगतात. त्यामुळे तुमचं पान शोधात खाली गेलं, तर मेसवाल्यांना दाखवायला काही उरणार नाही. शिवाय दुवा कुठे जातो ते उघडून बघा. पैशांवर खेळायच्या गेमिंग साइटकडे जात असेल तर ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तशी जाहिरात करणं गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारी नोकरीच्या तयारीत असलेल्या मुलाने त्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

ॲडसेन्स पूर्ण सोडू नका. मेसच्या जागा रिकाम्या असतील तिथे ते चालू ठेवा, पण पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात सेटिंगमध्ये बंद करा. तुमचा वाचक स्वारगेटला उतरून, पाठीवर बॅग घेऊन, उन्हात तुमचं पान उघडतो. मोबाइलच्या पानावर जाहिरातींनी ३० टक्क्यांहून जास्त जागा खाल्ली तर क्रोमच्या नियमांतही ते बसत नाही. मी तर एका पानावर दोनच ठेवीन.

जीएसटीची काळजी सध्या नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. मिळकत मात्र विवरणपत्रात दाखवायची, कितीही लहान असली तरी, आणि पावत्या जपून ठेवायच्या. एका वहीत तारीख, कोणाकडून, किती, एवढं पुरे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे. तुमची निवड झाली, आणि ती व्हावी असं मला मनापासून वाटतं, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू होतील. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यवसाय करता येत नाही. रुजू होण्याआधी साइट कुणाच्या तरी हाती द्यावी लागेल. डोमेन दुसऱ्याच्या नावावर करता येतं, ब्लॉगस्पॉटला दुसरा प्रशासक जोडता येतो, पण ॲडसेन्सचं खातं हस्तांतरित होत नाही, नव्या माणसाला स्वतःचं काढावं लागतं. मेसवाल्यांचे आगाऊ घेतलेले पैसे आणि त्यांचे उरलेले महिने वहीत स्पष्ट असतील, तर हे सगळं एका दुपारी होतं. तुमच्या अभ्यासिकेत मागच्या जूनला आलेला एखादा मुलगा असेल, ज्याला चव कळते आणि खोटं लिहिता येत नाही. त्याला या वर्षीच सोबत घ्या, साडेतीन वाजता काउंटरवर जाताना.